डोक्याचं माप

डोकं शिवकन्याचं होतं. पण ते का दुखतं, हे तिला सोडून गल्लीतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

सासू शांतम्मा म्हणायची, दिवसभर सुईच्या भोकात बघितल्यावर दुसरं काय होणार. नवरा शिवप्रकाश सोनपेठच्या चौकात किराणा दुकान चालवायचा. तो म्हणायचा, पित्त. मेडिकलवाला बन्सीधर म्हणायचा, गॅस. पण बन्सीधरच्या मते गावातला प्रत्येक आजार गॅसच होता, गुडघेदुखीसुद्धा. समोरच्या केशरबाई म्हणायच्या, नजर. बाई, नेमकं कुठं दुखतं, असं मात्र तिला कोणी विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? डोकं सगळ्यांना एकेक दिलेलं असतंच.

"आमचं बी दुखतंय की," शिवप्रकाश म्हणायचा. "आमी काय निजून ऱ्हातो?"

शिवप्रकाशचं डोकं दुखलं की तो चहा प्यायचा आणि ते थांबायचं. शिवकन्याचं दुखायच्या आधी तिच्या डोळ्यांसमोर एक वाकडीतिकडी चमकती रेघ यायची. कापडाच्या कडेला झिगझॅग शिलाई मारावी तशी. रेघ हळूहळू पसरायची आणि समोरचं खाऊन टाकायची. ब्लाउजचा गळा दिसायचा, बाही दिसायची नाही. वीस-पंचवीस मिनिटांनी रेघ विरायची आणि डावं कानशील ठोके द्यायला लागायचं. मग उजेड नको, आवाज नको, फोडणीचा वास नको. मोरीत जाऊन ओकायचं आणि मागच्या खोलीत, किराण्याच्या पोत्यांच्या आडोशाला, तोंडावर पदर घेऊन पडायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी कधीतरी उठायचं. डोकं तेव्हा असं रिकामं झालेलं असायचं, की आत कोणी झाडू मारून गेलंय.

गावात याला अर्धशिशी म्हणतात. नाव आहे, म्हणजे हे दुखणं गावाच्या ओळखीचं आहे. पण ओळख असली तरी गाव त्याला आजारांत बसवत नाही.

शिवकन्याच्या आईलाही हे होतं. आई शेतातून यायची, भर दुपारी दार लोटून अंधारात पडायची. घरच्यांनी तिचं नाव 'सोंगाडी' ठेवलं होतं. सात वर्षांची शिवकन्या चुलत भावंडांबरोबर दाराबाहेर उभी राहून ओरडायची, "सोंगाडी निजली, सोंगाडी निजली!" आई कधी रागावली नाही. रागवायलाही डोकं लागतं. आई गेली, आणि त्यानंतर दोन वर्षांनी शिवकन्याला पहिल्यांदा ती रेघ दिसली. पोत्यांआड पडल्या पडल्या तिला एकच गोष्ट सुचली. आईची माफी मागायची राहिली.

शिवकन्याचं दुकान घराच्या पुढच्या खोलीत होतं. एक मोटारची मशीन, एक कापायचं टेबल, भिंतीला दोरीवर टांगलेले ब्लाउज. दारावर पाटी: 'शिवकन्या लेडीज टेलर्स'. सोनपेठात ती प्रकाशशेठची बायको होती, शिवाप्पांची सून होती, केशरबाईंसाठी 'समोरची' होती. रेशनकार्डावर तर ती चौथ्या ओळीत होती. तिचं नाव मोठ्या अक्षरात, लाल रंगात, रस्त्यावरून वाचता येईल असं फक्त त्या पाटीवर होतं. पाटी तिनं स्वतः लावून घेतली होती. तेव्हा शांतम्मानं विचारलं होतं, "एवढं मोठं काहून लिवलं? लोकाला ठाव न्हाई का?"

तर या डोक्यावर इलाज सुरू झाले.

पहिला इलाज जिलेबीचा. दिवस उगवायच्या आत गरम जिलेबी दुधात बुडवून खायची, असं शिवप्रकाशला दुकानातल्या कोणीतरी सांगितलं. तो सात दिवस पहाटे उठला. हलवायाच्या दारात जाऊन बसला. याचं श्रेय त्याला द्यायला हवं. शिवकन्यानं सात दिवसांत मिळून तीन जिलेब्या खाल्ल्या. बाकीच्या वाया जाऊ नयेत म्हणून त्यानं खाल्ल्या. आठव्या दिवशी तो म्हणाला, "मला तर लय फरक पडला."

दुसरा इलाज सिताराम मामांचा. हे मामा कोणाचेच मामा नव्हते. गोदावरीकाठच्या एका वस्तीवर राहायचे आणि अर्धशिशी कापायचे. त्यांनी उगवत्या सूर्यासमोर तिला बसवलं, जमिनीवर विळ्यानं सात रेघा ओढल्या, तोंडातल्या तोंडात काही म्हणत एकेक रेघ आडवी कापली. "गेली," ते म्हणाले. उन्हात तासभर बसल्यानं तिला परत येताना बसमध्येच रेघ दिसली. आठवी. ती मामांनी ओढली नव्हती.

तिसरा इलाज शिवप्रकाशचा स्वतःचा, आणि तो रोजचा होता. माणूस वाईट नव्हता. बायको पोत्यांआड पडली की त्याचा जीव थाऱ्यावर नसायचा. दर दहा मिनिटांनी तो दार उघडायचा, ट्यूबलाइट लावायचा आणि मोठ्यांदा विचारायचा, "झोप लागली का गं?" मग कपाळाला बाम चोळायचा. बामाच्या वासानं तिला परत ओकारी यायची. मग तो दुकानातली मोगऱ्याची अगरबत्ती आणून उशाशी लावायचा. बामाचा वास जावा म्हणून.

चौथा इलाज बन्सीधरचा. तो काउंटरवरून दुखण्याच्या गोळ्यांची पट्टी कात्रीनं कापून द्यायचा. "वैनी, दुखायची वाट बगूच नका. आधीच टाकून घ्या. मंग ते यायचं बंदच होतंय." शिवकन्याला ते पटलं. सकाळी चहाबरोबर ती एक गोळी टाकून घ्यायला लागली. दुखलं की आणखी एक. बन्सीधर नवी पट्टी तयार ठेवायचा. मागावी लागायची नाही.

या सगळ्यानं डोकं थांबलं नाही, तेव्हा चैत्रात शांतम्मानं घरात जाहीर केलं, "सोळा सोमवार धर. कडक."

सोमवारचा उपवास त्या घरात सगळेच करायचे. पण त्यांचा साधा होता. म्हणजे सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी भगर आणि शेंगदाण्याची आमटी, चारला केळी, मधून मधून राजगिऱ्याचे लाडू. सासरे शिवाप्पा सोमवारी इतके खायचे, की मंगळवारी त्यांना लंघन करावं लागायचं. शिवकन्याचा उपवास मात्र कडक ठरला. दिवसभर घोटभर पाणी. संध्याकाळी पूजा झाली की एकदाच कणकेचा चुरमा. मधल्या वेळात तिनं बाकीच्यांची खिचडी परतायची, भगर शिजवायची आणि ब्लाउज शिवायचे.

"आन हे बग," शांतम्मा म्हणाली. तिनं आवाज मऊ केला होता, म्हणजे पुढे काहीतरी टणक येणार होतं. "सोळावा सोमवार झाला आन तरी डोकं दुखलं, तर मंग दोष देवाचा न्हाई. दोष मशीनचा. मंग ती मशीन भक्तीकडं पाठवायची."

भक्ती म्हणजे शिवकन्याची नणंद. चुडाव्याला दिलेली. तिला गेल्या सहा महिन्यांपासून शिवणकाम शिकायची अचानक आवड निर्माण झाली होती. तिचे फोन यायचे. "वैनी, तुमच्या जिवापेक्षा मशीन मोठी हाय का? द्या ना माझ्याकडं. मी सांभाळते."

शिवप्रकाशनं मान डोलावली. "मशीन गेली तर डोकं शांत व्हईल. खोली बी खाली व्हईल. तेलाचे डबे ठिवायला जागा न्हाई."

शिवाप्पा ओसरीवर लाडू खात होते. त्यांनी दुसरा लाडू उचलला.

असे सोमवार सुरू झाले. बाहेर परभणी जिल्ह्याचा उन्हाळा. पत्र्यावर पाणी टाकलं की चर्र आवाज यायचा. पहिल्या सोमवारी चार वाजता रेघ आली. शांतम्मा म्हणाली, पहिलाच हाय, देवापतूर पोचायला वेळ लागतो. तिसऱ्याला आली. शांतम्मा म्हणाली, मन लावून धरला न्हाईस. पाचव्याला आली, तेव्हा घोटभर पाणीही बंद झालं. सातव्या सोमवारी शिवकन्या चुरमा तोंडात घालायच्या आधीच मोरीत पळाली आणि घरात गंभीर चर्चा झाली. निष्कर्ष असा निघाला, की दिवसभर मशीनवर बसल्यानं उपवासाचा गुण येत नाही.

नवव्या सोमवारनंतरच्या बुधवारी शिवकन्या अस्तर आणायच्या नावाखाली एसटीनं परभणीला गेली. तिच्याकडे ब्लाउज शिवणाऱ्या मनिषाबाईंनी तिला एक पत्ता दिला होता. दवाखाना लहान होता. डॉक्टरीणबाईंचं नाव संघप्रिया. वय तिशीतलं, बोलणं सरळ. त्यांनी तिला सरळ रेघेत चालायला लावलं, डोळ्यांत बॅटरी मारली, गुडघ्यावर हातोडी मारली, रक्तदाब बघितला. मग ते विचारलं जे आजवर कोणी विचारलं नव्हतं.

"नेमकं कुठं दुखतं?"

शिवकन्यानं डाव्या कानशिलावर बोट ठेवलं. मग तिनं सगळं सांगितलं. रेघ, ठोके, ओकारी, पोत्यांची खोली. आईचंही सांगितलं.

"हा मायग्रेन. मेंदूचा आजार आहे," डॉक्टर म्हणाल्या. "बऱ्याचदा आईकडून मुलीकडे येतो. सोंग नाही हे. तुमच्या आईचंही नव्हतं."

शिवकन्यानं पदर सारखा केला. पुन्हा एकदा सारखा केला.

"गोळ्या किती दिवस घेता महिन्यातून?"

"दुखल्यावर एक. आन दुखू ने म्हणून एक."

"दुखू नये म्हणून कधी?"

"सकाळी. चहासंगं."

"रोज?"

"रोजच म्हणा की मॅडम."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "रोज दुखण्याची गोळी खाल्ली की त्या गोळीमुळेच डोकं दुखायला लागतं. गोळीचा अंमल उतरला की डोकं परत गोळी मागतं. ती पट्टी बंद. पहिले दहा-बारा दिवस जास्त दुखेल. घाबरायचं नाही. झोपताना घ्यायला ही एक देते, झटके कमी यावेत म्हणून. आणि दुखायला सुरुवात झाली की लगेच ही. आठवड्यात दोन दिवसांपेक्षा जास्त दिवस ही घ्यायची नाही. कधी एकाएकी कधीच दुखलं नव्हतं इतकं दुखलं, हातापायातली ताकद गेली, बोलता येईना, तर कोणाची वाट न बघता मोठ्या दवाखान्यात जायचं. समजलं?"

"समजलं."

"हे मुळापासून बरं होत नाही. पण सांभाळता येतं. प्रत्येकाचं डोकं वेगवेगळ्या गोष्टीनं चाळवतं. ऊन, जागरण, कमी पाणी, उग्र वास, पाळीचे दिवस, उपाशी पोट. तुमचं कशानं चाळवतं ते तुम्हीच शोधायचं. एका वहीत लिहा. कधी दुखलं, कुठं दुखलं, त्याआधी काय खाल्लं, किती झोपलात. जेवण चुकतं का तुमचं?"

"न्हाई मॅडम," शिवकन्या म्हणाली. "घरचं किराण्याचं दुकान हाय."

ती खोटं बोलली नाही. तिच्या लेखी, तिच्या घराच्या लेखी, सगळ्या सोनपेठाच्या लेखी जेवण चुकणं ही एक गोष्ट आणि उपवास ही वेगळी गोष्ट. जेवण चुकलं की माणूस उपाशी राहतो. उपवासाला माणूस उपाशी राहत नाही, पुण्य करतो. पोटाला हा फरक कोणी समजावून सांगितलेला नव्हता.

घरी येऊन तिनं मापाची वही काढली. शिवकन्याकडे दुसरी वही नव्हती. या वहीत प्रत्येक बाईला एक पान होतं. वर नाव, खाली उंची, छाती, कंबर, बाही, मोंढा. मोंढा म्हणजे जिथं बाही खांद्याला जोडतात ती गोलाई. शिवणाऱ्या बाईची सगळी इज्जत मोंढ्यात असते. तिनं कोरं पान उघडलं. वर लिहिलं, 'डोकं'. खाली रकाने पाडले: वार, वेळ, बाजू, झोप, खाणं. गिऱ्हाईक नवं होतं, पण माप घ्यायची पद्धत तीच.

मग ते दहा-बारा दिवस आले. बन्सीधरची पट्टी बंद केली आणि डोक्यानं घर दणाणून सोडलं. शिवकन्या दोन दिवस उठली नाही. शांतम्मानं शेजारी सांगितलं, "परभणीला गेली, आन दुखणं वाढवून आली." बन्सीधर स्वतः चौकशी करायला आला. हातात पट्टी होती. "वैनी, डॉक्टर लोकं काय बी सांगतेत. गॅस हाय तो." चुडाव्याहून भक्तीचा फोन आला. मशीनचा पट्टा नवीन आहे की जुना, एवढंच तिला विचारायचं होतं. दहावा आणि अकरावा सोमवार त्यातच गेले. शिवकन्यानं बन्सीधरच्या पट्टीला हात लावला नाही. वहीला लावला. अंधारात चाचपडत, अर्ध्या डोळ्यानं लिहिलं. सोमवार, चार, डावी, पाच तास, उपवास.

तेराव्या दिवशी सकाळी ती चहा प्यायली आणि डोकं गप्प होतं. दुसऱ्या दिवशीही गप्प. चार दिवस गप्प. मग सोमवार आला.

तेराव्या सोमवारनंतरच्या शुक्रवारी केशरबाई ब्लाउज घेऊन आल्या. तिसऱ्यांदा. "अगं माय, पुन्हा काखंतच आवळायलंय. मी काय हात वर करूच नको का?"

"तुमी वाढलात केशरबाई."

"मी न्हाई वाढले. तूच कमी कापायलीस."

शिवकन्याला राग आला. तिनं तो आणि केशरबाईंनी आधी परत आणलेले दोन, असे तिन्ही ब्लाउज टेबलावर उलटे पसरले. तिन्ही एकाच जागी ओढलेले. तिनं केशरबाईंचा कागदी नमुना काढला, ज्यावर ठेवून ती कापड कापायची. मोंढ्यापाशी कागद दुमडला होता. बोटभर. तीन वेळा तिनं दुमडलेल्या कागदावर कापलं होतं आणि तीन वेळा बाईला जाड म्हणाली होती.

तिनं माफी मागितली. केशरबाई खूश झाल्या आणि जाताना पुन्हा एकदा म्हणाल्या, की नजर काढून घे.

त्या गेल्यावर शिवकन्या टेबलापाशी उभी राहिली. ब्लाउज एकाच जागी तीनदा आवळला, तर दोष कापण्यात होता. तिनं वहीतलं ते पान उघडलं. बोट ठेवून वरून खाली आली. सोमवार, चार, डावी, उपवास. मंगळवार, काही नाही, भाकरी-वांगं. गुरुवार, काही नाही, वरण-भात. सोमवार, साडेतीन, डावी, उपवास. शनिवार, उन्हात बाजार, थोडं दुखलं, गोळी, थांबलं. सोमवार, चार, डावी, उपवास.

तिनं खडू घेतला आणि पानावरच एकेका सोमवारपुढे फुली मारली. फुल्या एकाखाली एक, शिलाईसारख्या सरळ आल्या.

शिवकन्या खुर्चीवर बसली. तिला हसू आलं. मग ते थांबेना. आतून शांतम्मानं विचारलं, "काय झालं गं?"

"काय न्हाई आत्याबाई. माप सापडलं."

चौदाव्या सोमवारी सकाळी दारात एक टेम्पो थांबला. त्यातून भक्ती उतरली.

"वैनी, म्हणलं सहज जाता जाता बगून यावं."

चुडाव्याहून सोनपेठ कुठल्याच वाटेवर लागत नाही.

"टेम्पो?" शिवकन्यानं विचारलं.

"ह्यांच्या मित्राचा हाय. रिकामाच यायलता." भक्तीनं मशीनवरून हात फिरवला. "अजून दोनच सोमवार राहतेत की. तवा पुन्हा कशाला चक्कर?"

शांतम्मा म्हणाली, "बरोबर हाय तिचं. दुखणं तर काय थांबंना."

शिवप्रकाश दुकानातून आला होता. तो पत्नीकडे न बघता खोलीची लांबी बघत होता. तेलाचे डबे बसतील का, याचा अंदाज घेत होता.

शिवकन्या आत गेली. सगळ्यांना वाटलं, रडायला गेली. ती ताट घेऊन बाहेर आली. ताटात ज्वारीची भाकरी, पिठलं, कांदा आणि ठेचा. कापायच्या टेबलावरचं कापड बाजूला सारून तिनं ताट ठेवलं, आणि टेलरच्या दुकानात, उघड्या दारात, सोमवारी, भर अकरा वाजता जेवायला बसली.

भाकरी मोडल्याचा आवाज आला.

"अगं, सोमवार हाय!" शांतम्मा ओरडली.

"ठाव हाय आत्याबाई. म्हणूनच खायलेय."

"तेरा झाले! तीनच राहिले होते! मोडलास?"

"तेरा सोमवार केल्यावर मला कळलं, की डोकं मोडतंय कोण." शिवकन्यानं वही पुढे सरकवली. "बगा. सोमवारी उपाशी ऱ्हायले की चारला दुखतंय. पट्टी सोडल्याचं दुखणं सोडा, ज्या दिवशी जेवले, त्या दिवशी दुखंना. एकदा दुखलं ते उन्हानं. डोकं थांबावं म्हणून उपास, आन उपासानं डोकं. मशीन मधी कुठं आली?"

शिवप्रकाशनं वही उचलली. त्यानं पान उलटसुलट केलं. "हे तर मापाची वही हाय."

"व्हय. माझ्या डोक्याचं माप हाय."

"असं कुठं आसतंय का?" भक्ती म्हणाली. तिचा हात अजून मशीनवर होता. "उपासानं कुठं डोकं दुखतंय? आमचं न्हाई दुखत."

"तुमी खिचडी खाता," शिवकन्या म्हणाली. "मी परतते."

ओसरीवरून घसा खाकरल्याचा आवाज आला. शिवाप्पा दारात येऊन उभे राहिले. हातात केळं होतं.

"आपल्या पंथात मुळात हे उपासबिपास कुठं सांगितलेत?" ते म्हणाले. "आपल्यात सांगितलंय काम. अंग खपवून केलेलं काम हीच पूजा. ती मशीन म्हणजे तिची पूजा हाय. ती कुठं टेम्पोत घालून न्यायची नसती."

शिवकन्यानं सासऱ्यांकडे बघितलं. "मामा, मंग तेरा सोमवार तुमी गप काहून बसलात?"

शिवाप्पांनी केळ्याकडे बघितलं. "खिचडी चांगली व्हायलती."

भक्ती खुर्ची ओढून बसली. "मंग आज चार वाजेपतूर मी थांबते. दुखलं तर मशीन टेम्पोत. न्हाई दुखलं तर ऱ्हाऊ द्या."

"ठरलं," शांतम्मा म्हणाली. तिला देवाची बाजू घ्यायची होती.

"ठरलं," शिवप्रकाश म्हणाला. त्याला कोणाचीही बाजू घ्यायची नव्हती, पण टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.

शिवकन्याला ते ठरवायचं नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हे सांभाळता येतं. कधीच येणार नाही, असं नव्हतं सांगितलं. एका दिवसाच्या डोक्यावर दुकान पणाला लावणं म्हणजे मूर्खपणा होता. पण आठ डोळे तिच्याकडे बघत होते आणि दारात टेम्पो उभा होता. तिनं ताट उचलून ठेवलं, तांब्याभर पाणी प्यायली आणि मशीनवर बसली. भक्तीचाच एक ब्लाउज तीन महिन्यांपासून पडला होता, घरचा म्हणून मागे राहिलेला. तो घेतला.

बारा वाजले. एक वाजला. भक्तीनं खिचडी खाल्ली. दोनला तिला डुलकी लागली. तीनला तिनं डोळे उघडून विचारलं, "काय, दुखायलंय का?" आणि शिवकन्यानं मान हलवली. साडेतीनला शांतम्मा शेजारी येऊन बसली. सुनेच्या कपाळाकडे बघत बसली, दूध उतू जायची वाट बघावी तशी.

चारला पाच मिनिटं कमी असताना मशीनच्या पट्टीवर काहीतरी चमकलं.

शिवकन्याचा पाय थांबला. एक पांढरी तिरीप, वाकडी, थरथरती. तिनं डोळे मिटले. आता ती पसरणार. आता बाही दिसेनाशी होणार. तिला पोत्यांची खोली आठवली, पाटी आठवली, आईचा पदर आठवला. तिनं मनातल्या मनात साठ आकडे मोजले आणि डोळे उघडले. तिरीप तिथंच होती. पसरली नव्हती. तिनं मान हलवून बघितलं, तर ती हलली नाही.

बाहेर टेम्पोवाल्यानं गाडीचं दार उघडं टाकलं होतं. त्याच्या आरशातलं ऊन खोलीत आलं होतं.

"दादा," शिवकन्यानं हाक मारली, "ते दार लावा की जरा. उजेड डोळ्यावर यायलाय."

दार लागलं. तिरीप गेली. तिनं बाही जोडली. साडेचारला ब्लाउज भक्तीच्या हातात दिला. भक्तीनं तो आत जाऊन घालून बघितला. मोंढा चोख बसला होता. त्याचंच तिला जास्त वाईट वाटलं. ती रिकाम्या टेम्पोतून चुडाव्याला गेली.

संध्याकाळी शांतम्मानं पूजा केली आणि गल्लीत सांगितलं, "तेरा सोमवारांचं फळ मिळालं. देवानं सोळाची वाट बी बघितली न्हाई." बन्सीधर म्हणाला, आतापर्यंत पोटात गेलेल्या गोळ्यांचा गुण उशिरा आला. शिवप्रकाशला जिलेबी आठवली. शिवकन्यानं कोणाला दुरुस्त केलं नाही. तिला भाकरी पुरत होती, श्रेय नको होतं.

डोकं गेलं नाही. दहा दिवसांनी एका लग्नाच्या घाईत जागरण झालं आणि रेघ आली. खरी. दुखायला लागताच तिनं गोळी घेतली, नवऱ्याला दाराबाहेर ठेवलं, ट्यूबलाइटचं बटण चिकटपट्टीनं बंद केलं. दीड तासात उठली. वहीत लिहिलं: जागरण. शिवप्रकाश दाराबाहेरून फक्त दोनदा म्हणाला, "झोप लागली का?" प्रगती होती.

पण मोडलेल्या व्रताचं काय? ते अर्धवट सोडता येत नव्हतं. देवाचं देणं राहतं, असं शांतम्माचं म्हणणं. सून करणार नाही म्हटल्यावर उरलेले सोमवार तिनं स्वतःच्या अंगावर घेतले. कडक. पाणीसुद्धा नाही. "बगा, कसं करतेत ते," ती म्हणाली.

तिच्या पहिल्याच सोमवारी दुपारी शिवकन्या मशीनवर होती. मागच्या खोलीचं दार लोटल्याचा आवाज आला. ती उठून गेली. पोत्यांच्या आडोशाला, तोंडावर पदर घेऊन शांतम्मा पडली होती.

शिवकन्यानं उजेड केला नाही. काही विचारलंही नाही. दार अर्धं ओढून घेतलं, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी पेल्यात करून आणलं आणि पोत्यापाशी ठेवलं. मग पुढच्या खोलीतून वही आणली. कोरं पान उघडलं. वर लिहिलं, 'आत्याबाई'.

"कंची बाजू?" तिनं हळू विचारलं.

"तुला काय करायचंय?" पदराआडून आवाज आला. "काय सुदिक दुखायलं न्हाई मला. निजले होते जरा."

शिवकन्या खडूचा तुकडा हातात घेऊन उंबऱ्यावर बसून राहिली. पत्र्यावर एक कावळा येऊन बसला आणि उडाला. पेल्यातलं पाणी हाललं. घोट घेतल्याचा आवाज झाला. दुसरा झाला.

मग अंधारातून आलं, "उजवी."